एक बिऱ्हाड हाकेत, एक भोंग्यात

डोंबिवलीत मला ओळखतात ते घरोघर जाऊन बाळंतपणं करणारी नर्सबाई म्हणून. त्याआधी मी ठाण्याच्या एका प्रसूतिगृहात नोकरीला होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ती नोकरी का सुटली याच्या गोष्टीही रचून ठेवल्यात. कुणी म्हणतं डॉक्टरीणबाईंशी भांडली, कुणी म्हणतं औषधांची काही भानगड होती. एका शेजारणीने तर तोंडावरच सांगितलं, "काढून टाकलं असेल हो, तुमचा स्वभाव बघता." स्वभावाचं म्हणाल तर बरोबर आहे, बाकी सगळं खोटं. आता या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'सेवेतील हृद्य आठवणी' मागितल्यात. हृद्य वगैरे मला जमत नाही. नोकरी का सोडली ते सांगते, त्यात हृद्य काय असेल ते त्यांनी शोधून घ्यावं.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, तेव्हाची गोष्ट. मी मुंबईच्या एका इस्पितळात सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि ठाण्यात एका धर्मादाय संस्थेच्या प्रसूतिगृहात लागले. संस्थेचं नाव सांगत नाही. चार भिंती, एक ओटी, आत खाटा, मागे विहीर. वर एक कार्यकारी समिती, आणि समितीच्या वर एक अध्यक्ष. समितीतल्या एकालाही कधी कळ आलेली नव्हती, त्यामुळे बाळंतपणाबद्दल त्यांची मतं अगदी ठाम होती.

त्यांचा एक नियम होता, नर्सने हाकेच्या अंतरावर राहिलं पाहिजे. नियम झाला, पण हाक कोणाची ते ठरायचं राहिलं होतं. ते ठरवायला माझ्या नेमणुकीच्या दिवशी समिती ओटीवर जमली. आमचा शिपाई तुकाराम लहानपणी घाटावर मेंढरं राखलेला. त्याची हाक धरली असती तर मला पार खाडीपलीकडे दिवा गावात बिऱ्हाड करून भागलं असतं. पण समितीतले वकील म्हणाले, "तुकाराम रजेवर गेला तर? नियम सामान्य माणसाच्या हाकेवर बेतला पाहिजे." मग सामान्य माणूस म्हणून कंपाउंडरला उभा केला. हा गृहस्थ बायकोलासुद्धा खाकरून बोलवायचा. मी एकेका खोलीत जाऊन उभी राहायची, हा ओटीवरून "अहो बाई" म्हणायचा, आणि मी "ओ" दिली की समितीने माना डोलवायच्या. रस्त्यापलीकडच्या चाळीतली छान हवेशीर खोली अशी बाद झाली. विहिरीला लागून जळण ठेवायची खोली होती, तिथे मात्र कंपाउंडरचा सुस्कारासुद्धा ऐकू आला. लाकडं हलवली आणि मला तिथे ठेवली.

आता खरं बोलायचं तर नियमात काही चूक नव्हती. बाळंतपण हे काम असं आहे की सगळं सुरळीत असलं तर नर्सची गरज नाही, नुसतं बसायचं, धीर द्यायचा, पाणी उकळत ठेवायचं. आणि बिघडलं की असं बिघडतं की चप्पल घालायला वेळ नसतो. एकदा मिठागरांकडच्या एका गावातून एका आगरी बाईला डोलीत घालून आणलं. मूल घरीच झालं होतं, वार पडली नव्हती, रक्त थांबत नव्हतं. मी भाताला आधण ठेवलं होतं. तुकारामाची हाक आली तशी धावले. हात घालून वार काढली, पोट चोळत बसले, डॉक्टरीणबाई येईपर्यंत बाई शुद्धीवर आली होती. तिची सासू माझे हात धरून म्हणाली, "बाय, तुजा घर जवल व्हता म्हून माजी सून जगली." हे मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस मला त्या जळणाच्या खोलीचा अभिमानच वाटायचा.

अभिमान उतरवायला गिऱ्हाइकं होतीच. नर्स हाकेच्या अंतरावर आहे म्हटल्यावर गावाला वाटलं, हाक मारायलाच ठेवली आहे. कुणाची दाढ दुखतेय, बाईंना हाक मारा. कुणाच्या पायात काटा गेलाय, मारा हाक. अध्यक्षांच्या घरी हळदीकुंकू असलं की पन्हं वाटायला माणूस हवं म्हणूनही हाक यायची. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले, कळा चांगल्या जोरात चालू, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "बाई, आज अमावास्या आहे. उद्या सकाळपर्यंत थांबवता येईल का?" मी म्हटलं, "येईल की. तुम्ही आत चला आणि तिला सांगा." ते ओटीवरून उठले नाहीत. मुलगा झाला, अमावास्येलाच, आणि पुढे चांगला शिकला म्हणतात.

अध्यक्षांबद्दल सांगायलाच हवं. नर्सने जवळ राहावं, शिपायाने जवळ राहावं, आयाबाईने जवळ राहावं, असा त्यांचा कटाक्ष. स्वतः मात्र वर्षातला अर्धा काळ खडवलीला नदीकाठी बागेत असायचे, ठाण्याची हवा मानवत नाही म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते असं.

तर अशात माझं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, शहाडच्या वाटेवर कापड रंगवायचा एक कारखाना होता, तिथे बॉयलरवर फिटर. स्थळ आणणारे मामा म्हणाले, "दोघांची नोकरी एकाच लायनीवर. ती ठाण्याला, तो शहाडला, घर मध्ये डोंबिवलीला. याहून सोय ती काय?" मामांना सोय एवढीच कळायची. त्यांना काय ठाऊक, की शहाडच्या कारखान्यालाही आमच्यासारखाच नियम होता. तिथे हाकेऐवजी भोंगा. बॉयलरवरच्या माणसाने जिथे भोंगा ऐकू येतो तिथेच राहायचं. एरवी भोंगा पाळीच्या वेळी वाजायचा, पण तुटक तुटक वाजला की समजायचं, बॉयलरपाशी काहीतरी बिघडलंय, असेल तिथून धावत सुटायचं. बॉयलर फुटला तर अंगावरची कातडी राहत नाही. म्हणजे हाही नियम शहाणाच होता. दोन्ही नियम शहाणे. वेडे फक्त आम्ही दोघं, एकमेकांशी लग्न करणारे.

यांच्या शहाडच्या खोलीची परीक्षा घ्यायला वेल्फेअर ऑफिसर आला होता म्हणे. खाटेवर बसला, चहा घेतला, दुपारचा भोंगा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. भोंगा झाला तसा कानावर हात धरून म्हणाला, "फर्स्ट क्लास. झोप लागणार नाही तुम्हाला." आणि खोली मंजूर केली.

मी अध्यक्षांना भेटले. म्हटलं, "साहेब, माझं लग्न ठरलंय."

"वा, वा, अभिनंदन," ते म्हणाले. "म्हणजे नवीन नर्स बघायला हवी."

"मी नोकरी सोडणार नाही. लग्नानंतर नवऱ्याला सवड असेल तेव्हा माझ्या खोलीवर येऊ द्याल का, एवढंच विचारायला आले."

अध्यक्षांचा चेहरा असा झाला की जणू मी बाळंतिणींच्या खोलीत तालीम काढायची परवानगी मागतेय. म्हणाले, "बाई, हे प्रसूतिगृह आहे. इथे आवारात पुरुष कसा चालेल?"

मी म्हटलं, "आपण बसला आहात ना."

"मी अध्यक्ष आहे," ते म्हणाले, आणि विषय संपला.

तिकडे यांनी ऑफिसरला विचारलं. कारखान्याच्या कुटुंबासाठीच्या खोल्या होत्या, दोन-दोन खणांच्या, नळ बाहेर. ऑफिसर म्हणाला, "मिळेल की खोली. पण कुटुंब इथे राहिलं पाहिजे." हे म्हणाले, "कुटुंबाला ठाण्याला राहावं लागतं, तिथे नियम आहे." ऑफिसर हसला. "ठाण्याला राहतं ते कुटुंब कसलं? मग तुम्ही सडेच की." असा सप्तपदी होऊनही माझा नवरा कारखान्याच्या लेखी ब्रह्मचारी राहिला, आणि मी संस्थेच्या लेखी पुरुष आणू पाहणारी बाई.

यांचा स्वभाव माझ्या उलट. मी दहा शब्द बोलेन तिथे हे एक बोलणार, तोही मान हलवून भागलं तर नाही. मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" तर म्हणाले, "वाटतं. पण बोलून बॉयलर थंड होतो का?" लग्नानंतर आमचा संसार असा, की रविवारी, दोघांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी ठाण्याहून डोंबिवलीला यायची, हे शहाडहून यायचे. सासूबाई दोन खोल्यांत एकट्या, सासरे नव्हते. दुपारचं जेवण एकत्र, मग थोडं पडायचं, चहा झाला की दोघं उठायचो. स्टेशनावर मी या फलाटावर, हे त्या फलाटावर. दोघांच्या मध्ये रूळ. ज्याची गाडी आधी यायची तो सुटायचा. शेजारणी सासूबाईंना विचारायच्या, "सून नांदत नाही वाटतं?" सासूबाई म्हणायच्या, "नांदते की. दर रविवारी."

"सोड गं नोकरी," असं मला सगळ्यांनी सांगून झालं. माहेरचे, सासरचे, मामा तर होतेच. सासूबाई मात्र कधी म्हणाल्या नाहीत. त्यांची दोन मुलं बाळंतपणात गेलेली, गावाकडच्या सुईणीच्या हातून. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं काम तू बघ. मी आहे इथे." त्या शब्दावर मी पुढची वर्षं काढली.

दिवस राहिले तशी मी शेवटपर्यंत काम केलं. माझ्या कळा सुरू झाल्या त्या ठाण्यातच, सकाळी, वॉर्डात दुसऱ्या बाईचं पोट तपासताना. डॉक्टरीणबाईंनी मला तिथल्याच टेबलावर झोपवलं. आयाने बाहेर जाऊन तुकारामाला सांगितलं, पेशंट आत आहे, बाळ येतंय. तुकाराम नियमाचा पक्का माणूस. बाळ येतंय म्हटल्यावर नर्सला हाक मारायची, त्याला एवढंच ठाऊक. तो ओटीच्या टोकाला जाऊन माझ्या खोलीकडे तोंड करून ओरडू लागला, "ओ बाई, या लवकर, पेशंट अडलंय." खोलीला कुलूप. हा आणखी जोरात. शेवटी मीच टेबलावरून "ओ" दिली. तो खिडकीशी येऊन म्हणतो, "अवो बाई, तुमी हितं काय करताय? पेशंट कुटं हाय?" डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्या हशातच माझी मंदा जन्मली. यांना निरोप गेला तो दुसऱ्या दिवशी, आणि हे आले रविवारी. बारशालासुद्धा आधी पाळीची दुसऱ्या कुणाशी अदलाबदल करून यावं लागलं.

बाळंतपणाची रजा संपली तशी मी मंदाला घेऊन जळणाच्या खोलीत राहू लागले. आया सांभाळायची, मी येता-जाता पाजायची. मला वाटलं, आता निदान दोघी तरी एका छपराखाली आहोत. तेवढ्यात समितीची बैठक झाली. कर्मचाऱ्याच्या मुलाच्या रडण्याने पेशंटांची झोपमोड होते, अशी एका सदस्याची तक्रार. हे प्रसूतिगृह होतं, लक्षात घ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, इथे सगळी बाळं रात्रंदिवस रडतच असतात."

"ती पेशंटांची असतात," वकील म्हणाले. "हे कर्मचाऱ्याचं आहे."

मी वकिलांना विचारलं, रडण्यावरून दोन्ही ओळखायची कशी, तेवढं शिकवा. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आम्ही काही तुम्हाला नोकरी सोडा म्हणत नाही. मूल घरी ठेवा. घर आहे ना तुम्हाला डोंबिवलीला?" मी ठाण्यात घर करावं म्हणून ज्यांनी कंपाउंडरला ओरडायला लावलं, त्यांना आता माझं डोंबिवलीचं घर आठवलं.

मंदाचं उष्टावण झालं आणि सासूबाई तिला डोंबिवलीला घेऊन गेल्या. मग आम्ही तिघं तीन गावी. मी ठाण्याला, हे शहाडला, मूल डोंबिवलीला. मामांची सोय पुरी झाली.

त्या पहिल्या महिन्यांबद्दल एकच सांगते. वॉर्डात कुणाचंही बाळ भुकेने रडलं की माझं दूध उतरायचं. पदर भिजायचा. मी वर शाल घेऊन फिरायची, उन्हाळ्यातसुद्धा. एका बाईला फार ताप आला होता, तिला दूध नव्हतं, तर तिचं बाळ मी घेतलं आणि पाजलं. पाजताना मला रडू आलं, आणि त्या परक्या पोराचा रागही आला, हे लिहायला लाज वाटत नाही मला. पुढे संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी माझ्या सेवाभावाचा मुद्दाम उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. माझ्या मुलीच्या वाट्याच्या दुधावर वाजलेल्या त्या टाळ्या मी मान खाली घालून ऐकल्या.

लोक विचारतील, तेव्हाच का नाही सोडली? सोडावीशी वाटायची. मग एखादी अडलेली यायची, हाक यायची, मी धावायची, आई आणि मूल दोन्ही जगायची. मला वाटायचं, आणखी थोडे दिवस. मंदाला काय, आजी आहे. रविवारी मी आहेच. यांनाही तसंच वाटायचं, फक्त ते बोलायचे नाहीत. काम आवडणाऱ्या माणसांची हीच फसवणूक होते, मालकाला मेहनतच करावी लागत नाही.

मंदा बोलायला लागली, चालायला लागली. सासूबाईंनी तिला वळण छान लावलं होतं. देवाला नमस्कार करायची, मोठं माणूस दिसलं की वाकायची. घरी कुणी आलं तर पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून आणायची, चार थेंब सांडत. बायका कौतुक करायच्या. मलाही कौतुक वाटायचं.

असाच एक रविवार होता. जेवणं झाली, दुपार झाली, चहा झाला. मी केस सारखे करत होते, हे पिशवीत धुतलेले कपडे भरत होते. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. मंदा दाराशी काहीतरी करत होती. मी उठून बघते तर तिने कोपऱ्यातून माझ्या चपला ओढत आणून उंबऱ्याबाहेर ठेवल्या होत्या, टाचा आत, तोंडं बाहेर. मग परत जाऊन बाबांच्या आणल्या. त्या जड, तिला एकेक करून आणाव्या लागल्या. दोन्ही जोड नीट शेजारी लावले, हात झटकले आणि आमच्याकडे बघून, आजीने शिकवलेल्या गोड आवाजात म्हणाली, "बरं, पुन्हा या हं."

आमच्या डोंबिवलीच्या घरात पाहुणे निघाले की त्यांना असंच म्हणतात.

आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं वेडे, ते काय पाहुणे आहेत? आई-बाबा आहेत ना ते तुझे."

"हो," मंदा म्हणाली. "आई-बाबा आलेले. आता चालले."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, राग नव्हता. असता तर मी तिला उचलून घेतलं असतं, समजूत काढली असती, आणि नेहमीसारखी निघाले असते. पण तिला वाईटच वाटत नव्हतं. आई-बाबा म्हणजे रविवारी येणारी माणसं, चहा घेतात आणि जातात. तिला त्यांचा काही त्रास नव्हता.

मी यांच्याकडे पाहिलं. हे पिशवीचे बंद हातात धरून उभे होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली. बाहेर गेले, वाकले, स्वतःच्या चपला उचलल्या, माझ्याही उचलल्या आणि आत आणून कोपऱ्यात ठेवल्या.

मी म्हटलं, "अहो, उद्या पहाटेची पाळी आहे ना तुमची? भोंगा झाला तर?"

"होऊ दे," हे म्हणाले.

"आणि नोकरी?"

"फिटरला काय, पंप दुरुस्त करता येतात. विहिरी इथेही आहेत." लग्न झाल्यापासून एका दमात ते एवढं बोललेले मला आठवत नाहीत. मग म्हणाले, "तुझं तू बघ. तुला जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही."

ठाण्यात त्या आठवड्यात दोघी दिवस भरलेल्या होत्या. एकीचं मूल आडवं होतं. मला ते पाठ होतं, तिचं नाव, तिची खाट, सगळं. आजही आठवतं. डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी ते नीट पार पाडलं हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी कळलेलं नव्हतं. ते न कळताच मी केसांची गाठ सोडली आणि आत जाऊन सासूबाईंच्या हातातलं सूप घेतलं.

त्यांनी डब्यातून आणखी दोन माणसांचे तांदूळ काढले.

दिवेलागण झाली. पानं वाढली. मंदा आजीला चिकटून बसली, मी समोर, हे माझ्या शेजारी. तिने एक घास खाल्ला, आमच्याकडे पाहिलं, दुसरा खाल्ला, परत पाहिलं. आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे. मग आजीच्या कानाशी तोंड नेऊन, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं, "आजी, हे अजून कसे गेले नाहीत?"